तित्तिराची अंडी : यिर्मया १७:११ चा अभ्यास

शास्त्रभाग : यिर्मया १७:९-११, स्तोत्र ७३



भिलाईत पावर हाउस रेल्वे स्थानकाजवळच्या कॅम्प दोनमध्ये एका विश्वासी कुटुंबाच्या घरी दर गुरुवारी सायंकाळी आमचा शास्त्राभ्यासाचा वर्ग भरतो. दहाबारा मराठी कुटुंबे येतात. कोणाचे वडील गोंदियाहून, कोणाचे आजोबा भंडाऱ्याहून पोलाद कारखान्याच्या कामासाठी या गावी आले आणि येथेच राहिले. काही दिवसांपूर्वी या वर्गात स्तोत्र ७३ चालले होते. दुष्टांची भरभराट पाहून आसाफाला त्यांचा हेवा वाटला, त्याचे पाय निसटता निसटता राहिले, आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्यांचा शेवट त्याच्या ध्यानात आला, असे मी समजावीत होतो. तेव्हा मागे दाराशी बसलेल्या एका भगिनीने विचारले, "सर, शेवट कुणाचा? माझं पोर आत आहे. ज्याचा माल होता तो कुठं आहे?"

त्या भगिनीचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. ओडिशाकडून येणाऱ्या गाडीत त्याच्या पायाशी दोन पिशव्या सापडल्या व त्यांत मिळून बावीस किलो गांजा निघाला. नागपूरला एका माणसाच्या हाती पिशव्या द्यायच्या आणि पाच हजार रुपये घ्यायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. ज्याने पिशव्या दिल्या त्याचे नाव त्याने सांगितले. परंतु त्या माणसाला पिशव्या कोणी दिल्या, हे त्याला सांगता येईना.

अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा १९८५ सालचा आहे. त्याखालील नियमांप्रमाणे वीस किलोपेक्षा अधिक गांजा म्हणजे व्यापारी प्रमाण. अपराध सिद्ध झाला तर दहा वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. वीस वर्षांपर्यंत देता येते, आणि दंड निदान एक लाख रुपये. जामीनही सहजी मिळत नाही. ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याने आपल्याला त्याची कल्पना नव्हती हे स्वतः दाखवून द्यावे लागते. धंद्याला पैसा पुरवणाऱ्यासाठी आणि कट रचणाऱ्यासाठी याच कायद्यात तितकीच कठोर कलमे आहेत. परंतु तेथवर पोहोचायचे तर पुराव्याची साखळी लागते. आरोपीने अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून पुराव्यात धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये तोफान सिंग प्रकरणात ठरवले. तो निर्णय मला योग्यच वाटतो, कारण दटावून घेतलेल्या जबाबांनी किती निरपराध माणसे तुरुंगात गेली असतील ते देवच जाणे. पण या धंद्याची रचना अशी असते की मालकाचा हात मालाला कधीच लागत नाही. पिशवी तीनचार हातांतून जाते आणि प्रत्येक हाताला फक्त शेजारचा हात ठाऊक असतो. कायद्याच्या हाती लागतो तो बहुधा पिशवी धरलेला शेवटचा हात.

त्या सायंकाळी मी जे उत्तर दिले ते ठरीव साच्याचे होते. अशा माणसांचे पतन होतेच, असे सांगून मी कोलंबियाच्या पाब्लो एस्कोबारचे उदाहरण दिले. पोलिसांच्या गोळ्या लागून तो एका घराच्या कौलांवर पडला, हे पुष्कळांना ठाऊक होते. भगिनीने मान डोलावली, परंतु त्यात पटल्याची खूण नव्हती. घरी परतल्यावर मी यिर्मयाचा सतरावा अध्याय उघडला. काही वर्षांपूर्वी भाषांतराचे काम करताना याच अध्यायातील एका वचनापाशी आम्ही चार जण दोन दिवस अडून बसलो होतो. तेच वचन आज आपणांपुढे ठेवीत आहे.

वचन अकरावे. संदेष्टा एका पक्ष्याची उपमा देतो. इब्री भाषेत त्या पक्ष्याचे नाव 'कोरे' असे आहे. आपण त्याला तित्तिर म्हणतो. 'कोरे' या शब्दाचा मूळ अर्थ हाक मारणारा. हा पक्षी आपण न घातलेल्या अंड्यांवर बसतो, आणि न्यायाने न मिळवलेले धन जमवणारा मनुष्य त्याच्यासारखा आहे, असा वचनाचा आशय. पुढे संदेष्टा म्हणतो की त्याचे अर्धे आयुष्य सरते तोच वियोग घडतो आणि शेवटी तो मूर्ख ठरतो. वियोग हा शब्द मी मुद्दाम योजला, कारण आमची अडचण नेमकी तेथे होती. मुळातील क्रियापद 'अझब', म्हणजे सोडून जाणे. ते एकवचनी पुल्लिंगी आहे आणि त्याला जोडलेले सर्वनामही एकवचनी पुल्लिंगी. इब्रीत धन हा शब्द पुल्लिंगीच. तेव्हा कोण कोणाला सोडून जातो? धन मनुष्याला सोडून जाते, की मनुष्य धन सोडून जातो? व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. जगातील मान्यवर भाषांतरांपैकी काही पहिला अर्थ घेतात, काही दुसरा. आमच्यापैकी दोघे एका बाजूचे, दोघे दुसऱ्या. शेवटी एक अर्थ वर घातला व दुसरा तळटिपेत, आणि आम्ही पुढे गेलो. त्या रात्री मला वाटले, ती तळटीप आम्ही फार घाईने लिहिली.

कारण दोन्ही अर्थांची माणसे आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेली आहेत.

धन ज्याला सोडून गेले तो एस्कोबार. १९४९मध्ये रिओनेग्रो येथे त्याचा जन्म झाला; वडील शेतकरी, आई शाळेत शिकवणारी. मेदेयीन शहरात तो लहानसहान चोरट्या धंद्यांतून वर आला. १९७६मध्ये गाडीच्या टायरमध्ये लपवलेल्या सुमारे अठरा किलो कोकेनसह तो पकडला गेला. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा; आमच्या मुलाच्या पिशव्यांपेक्षा हे वजन चार किलोंनी कमीच होते. परंतु तो खटला पुढे सरकला नाही, आणि ज्यांनी त्याला पकडले ते अधिकारी पुढे मारले गेले. पैसा घे नाहीतर गोळी घे, हा त्याचा व्यवहार होता. १९८२मध्ये तो कोलंबियाच्या संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला. कचऱ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांना त्याने पक्की घरे बांधून दिली, गरीब वस्त्यांत फुटबॉलची मैदाने केली, त्यांवर दिवे लावले. कचऱ्यावर झोपणाऱ्या माणसाला कोणी छप्पर दिले तर त्याने देणाऱ्याचा हिशोब विचारावा अशी अपेक्षा करणे मला जड जाते. परंतु देणाऱ्याला त्या छपराचे मोल पुरते कळलेले होते.

१९८३मध्ये न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांनी त्याच्या पैशाविषयी उघड प्रश्न केला. 'एल एस्पेक्तादोर' या वृत्तपत्राचे संपादक गियेर्मो कानो यांनी १९७६च्या अटकेची जुनी बातमी शोधून पुन्हा छापली. एक जुने पान बाहेर आले आणि संसदेतील प्रतिष्ठा संपली. लारा बोनिया यांचा खून ३० एप्रिल १९८४ रोजी झाला, कानो यांचा १७ डिसेंबर १९८६ रोजी. १९८९च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान मारले गेले, आणि त्याच नोव्हेंबरात एक प्रवासी विमान आकाशात बॉम्बने फोडण्यात आले. त्यातील १०७ माणसे गेली.

१९९१मध्ये तो शरण आला, तेव्हा मध्यस्थी केली ती रफाएल गार्सिया एरेरोस या ऐंशी ओलांडलेल्या धर्मगुरूंनी. दूरचित्रवाणीवर ते दररोज एक मिनिट बोधपर बोलत असत. याच कार्यक्रमातून त्यांनी एस्कोबारला शरण येण्याची हाक दिली. त्यांचा त्या माणसाच्या पश्चात्तापावर विश्वास बसला होता. त्यांना हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. रक्तपात थांबावा म्हणून एक वृद्ध सेवक खुन्याच्या दारी गेला. पण ज्या तुरुंगात एस्कोबार राहिला तो त्याच्याच सोयीने उभारलेला होता, आणि तेथून त्याने आपल्याच भागीदारांना पैशाच्या संशयावरून ठार करवले. १९९२च्या जुलैत तो तेथून निसटला.

त्यानंतरचे सोळा महिने म्हणजे यिर्मयाच्या वचनाचा पहिला अर्थ. १९८७पासून जगातील अतिश्रीमंतांच्या यादीत ज्याचे नाव छापले जात होते तो घरामागून घर बदलत होता. थंडीत मुलीला ऊब मिळावी म्हणून त्याने नोटांच्या थप्प्या जाळल्या, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले. सोबतीचे मारले गेले, पकडले गेले किंवा फितूर झाले. दावीद शौलापासून पळत असताना आपणाला डोंगरांवर हुडकल्या जाणाऱ्या तित्तिराची उपमा देतो (१ शमुवेल २६:२०). तेथेही इब्री शब्द हाच, 'कोरे'. दावीद निरपराध होता, हा मात्र नव्हता. २ डिसेंबर १९९३ रोजी, चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, मुलाशी दूरध्वनीवर बोलताना त्याचा ठावठिकाणा लागला. तेव्हा त्याच्यापाशी एकच अंगरक्षक उरला होता.

मी वर्गात सांगितले ते इतकेच. सांगायचे राहिले ते हे की कोकेनचा धंदा त्या कौलांवर संपला नाही. काली शहराच्या टोळीने जागा घेतली, तिच्यानंतर दुसऱ्यांनी. त्याने आपल्या बागेत हौसेने आणलेले चार पाणघोडे तेवढे वाढत राहिले. २०२३पर्यंत ते दीडशेच्या वर गेले आणि त्यांचे करायचे काय हा कोलंबियाच्या सरकारपुढे प्रश्न आहे. हे वाचून हसू येते, आणि मग येत नाही.

आता दुसरा मनुष्य, आपल्या मुंबईचा. इक्बाल मेमन याचे घराणे मिरचीच्या व्यापारातले, म्हणून लोक त्याला इक्बाल मिर्ची म्हणत. तपासयंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे मँड्रॅक्सच्या गोळ्या व अन्य अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारातून तो मोठा झाला. मँड्रॅक्स हे मेथाक्वालोन या झोपेच्या औषधाचे नाव. गुंगीसाठी या गोळ्यांचा दुरुपयोग होऊ लागला, आणि भारतात बनलेला माल दक्षिण आफ्रिकेपर्यंत जात असे. तेथे गोळी कुटून गांजात मिसळून ओढतात. १९८०च्या दशकात तो देश सोडून दुबईस व पुढे लंडनला गेला. १९९५मध्ये ब्रिटिश पोलिसांनी त्याला अटक केली आणि भारताने त्याची मागणी केली; परंतु लंडनच्या न्यायालयाला पुरावा पुरेसा वाटला नाही व तो सुटला. भारताने त्यावर अपील केले नाही, उलट त्याच्या वकिलांचा खर्च देण्याचे मान्य केले. २००४मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याचे नाव अमली पदार्थांच्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या यादीत घातले. तो सर्व आरोप नाकारीतच राहिला. १९९५नंतर तो अठरा वर्षे जगला. २०१३च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय त्रेसष्ट. या आरोपांवर कोणत्याही न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली नाही.

वाचकहो, येथे पतन कोठे आहे? उपदेशक या नात्याने मला एस्कोबारचे उदाहरण आवडते, कारण त्यात छप्पर आहे, गोळी आहे, तारीख आहे. मिर्चीचे उदाहरण मला आवडत नाही आणि म्हणूनच ते मी त्या दिवशी दिले नाही. त्या आईच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर ते याच उदाहरणातून द्यावयास हवे होते. मोठा मनुष्य पुष्कळदा अंथरुणातच मरतो. आसाफाचीही नेमकी हीच तक्रार होती. त्यांच्या मरणात यातना दिसत नाहीत, असे तो चौथ्या वचनाच्या सुमारास म्हणतो, आणि ते शास्त्रात तसेच राहू दिले आहे.

पण मिर्ची धन सोडून गेला, आणि त्या सोडलेल्या धनाची कथा त्याच्या मृत्यूनंतर सुरू होते. वरळीच्या समुद्रकिनाऱ्याजवळील तीन जुन्या वास्तू १९८६मध्ये साडेसहा लाख रुपयांस त्याच्यासाठी विकत घेतल्या गेल्या, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. २०१९मध्ये त्या व्यवहारांची चौकशी सुरू झाली. अटका झाल्या, मालमत्तेवर टाच आली, वाद न्यायाधिकरणांपुढे गेले. २०२१मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याच्या पत्नीला व दोन मुलांना फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केले. जुहू भागातील त्याच्या सदनिकांचा लिलाव २०२०मध्ये पुकारला गेला, तेव्हा बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. मुंबईत, समुद्राजवळ, घर मिळत असताना!

आता पुन्हा इब्री शब्दांकडे वळू. यिर्मया ज्याला मनुष्याचा शेवट म्हणतो तो शब्द 'अखरीत'. आसाफाने पवित्रस्थानात ज्याविषयी समजून घेतले तो शेवटही 'अखरीत'च (स्तोत्र ७३:१७). हा शब्द 'मागे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मागाहून जे येते, मागे जे उरते, आणि पुष्कळ ठिकाणी मागे राहणारी संतती, हे सर्व त्यात सामावते. आम्ही मराठीत शेवट किंवा अंत लिहितो, आणि वाचणाऱ्याच्या मनात मरणाचा क्षण उभा राहतो. संदेष्टा मात्र त्या क्षणाच्या पलीकडे पाहत असावा. एस्कोबारच्या मुलाने बापाचे नाव टाकले. सेबास्तियन मारोकिन या नव्या नावाने तो परदेशी राहिला, वास्तुशास्त्र शिकला, आणि लारा बोनिया व गालान यांच्या मुलांना भेटून त्याने क्षमा मागितली; २००९मध्ये त्यावर एक माहितीपटही निघाला. बापाच्या हयातीत न झालेला पश्चात्ताप मुलाने वाहिला. हीही त्या माणसाची अखरीत आहे.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात मागील उत्तर मागे घेतले आणि वरील सर्व सांगितले. वचनातील पहिल्या अर्ध्या भागाकडे मात्र माझे अजूनही लक्ष नव्हते. ते त्या भगिनीने वेधले. सगळे ऐकून झाल्यावर ती हलकेच म्हणाली, "म्हणजे अंडं माझं होतं."

मी दोन दिवस त्या वचनावर वाद घातला होता, आणि अंडी म्हणजे धन असेच धरून चाललो होतो. व्याख्याग्रंथही बहुतेक तसेच धरतात. पण पक्षी ज्यांच्यावर बसतो ती दुसऱ्याची पिले आहेत. भगिनी सांगत होती की वर्षभर मुलगा घरी कमी आणि त्या माणसाकडे अधिक असे. त्याने मुलाला जुनी मोटरसायकल वापरायला दिली, आजारपणात औषधाचे पैसे दिले, त्याला 'बेटा' म्हणे. पहिल्या दोन खेपांना पिशवीत काय आहे ते सांगितलेही नाही. कोरे, हाक मारणारा. पिले मोठी झाल्यावर खऱ्या आईची साद ओळखून तित्तिराला सोडून जातात, असे जुने टीकाकार या वचनावर लिहितात. आमच्या मुलाला ती साद ओळखू आली तेव्हा हातात बेडी होती.

त्यानंतर वर्ग नेहमीसारखा राहिला नाही. एका वडिलांनी सांगितले की त्यांच्या मुलाकडे नवा फोन आहे व तो कोठून आला हे त्यांनी विचारलेले नाही. दुसऱ्या एका घरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्यांची पाने सापडली होती. हे सर्व आम्ही एकमेकांपासून लपवून एकाच चटईवर बसून स्तोत्रे वाचीत होतो.

वर्गात दल्ली-राजहरा येथे खाणीत नोकरी केलेले एक वयस्कर बंधू येतात. सहसा ते बोलत नाहीत. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज तेथून येते. त्यांनी १९७७नंतरची हकिकत सांगितली. शंकर गुहा नियोगी यांच्या पुढाकाराने खाणमजुरांची संघटना उभी राहिली, मजुरी वाढली, आणि वाढीव मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. बायका तीत पुढे होत्या. कोण पितो, कोठून आणतो, हे घराघरांत उघड बोलले जाऊ लागले. त्याच मजुरांनी वर्गणी व श्रम देऊन रुग्णालय उभारले. १९८३मध्ये सुरू झालेले शहीद रुग्णालय ते हेच. नियोगींचा भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेत गोळी घालून खून झाला. ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांचे राजकारण आमच्या वर्गातील सर्वांना मान्य होते असेही नाही. परंतु त्या बंधूंचे म्हणणे एवढेच होते की तेथे ठेकेदाराला पाडायला कोणी गेले नव्हते. लोकांनी आपापली घरे उघडून एकमेकांना दाखवली होती.

यावर एका तरुणाने विचारले, "मग पोलिसांनी काहीच करायचे नाही काय?" करायचे, अवश्य करायचे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आम्ही फाडलेला नाही. कानो यांनी जुनी बातमी छापली नसती तर एस्कोबार किती वर चढला असता कोण जाणे. पण भगिनीचा प्रश्न पोलिसांना विचारलेला नव्हता. तो तिने शास्त्र उघडून बसलेल्या आम्हांला विचारला होता.

ज्याचा माल होता तो कोठे आहे, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. मुलाने सांगितलेला मनुष्य गाव सोडून गेला असे म्हणतात. खटला चालू आहे. सुरुवातीस भगिनी तारखेला एकटीच जात असे, कारण कोणाला कळू नये असे तिला वाटे. आता येती तारीख मंगळवारी आहे. वर्गातील दोघे जण तिच्यासोबत जाणार आहेत, आणि त्यांपैकी एक तो नव्या फोनच्या मुलाचा बाप आहे.